कातीचे पेन : लेथवरची कला आणि कायद्याची वेस

मराठीत ‘कात’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. साप टाकतो ती कात. अंगावरचे ते कातडे. आणि लाकूड फिरवून त्यास गोल आकार देणारा कारागीर तो कातारी. त्याचे काम ते कातकाम. सापाची कात आणि कातकाम यांचा प्रत्यक्ष संबंध कधी येईल असे आपल्याकडील कोणा कातारी बंधूंना वाटले नसेल. परंतु अमेरिकेतील हौशी कारागिरांनी हा संबंध जुळवून आणला आहे. लेथवर हाताने घडविलेल्या पेनाच्या दांड्यावर सापाची कात किंवा कमावलेले कातडे चढवायचे, त्यावर पारदर्शक रेझिनचे कवच ओतायचे आणि ते कवच पुन्हा लेथवर कातून काचेसारखे गुळगुळीत करायचे, अशी ही कला आहे. हातात घेतल्यावर खवल्यांचा स्पर्श होत नाही, पण प्रत्येक खवला डोळ्यांना दिसतो. पाण्याखालचा गोटा दिसावा तसा.

ही पेने परदेशातून भेट म्हणून आपल्याकडे येतात. त्यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडील हौशी मंडळींनाही तसे काही करून पाहण्याचा मोह होतो. म्हणूनच ही कला नेमकी काय आहे, तिच्यामागचे शास्त्र कोणते आणि भारतात तिची मर्यादा कोठे येते, याची माहिती एकत्र असणे उपयुक्त ठरावे.

जुनी हौस, नवे तंत्र

लेखनसाहित्यावर प्राण्यांचे नक्षीदार कातडे चढविण्याची हौस नवी नाही. अठराव्या शतकात पॅरिसमधील जाँ-क्लोद गालुशा या कारागिराने पाकट माशाचे दाणेदार कातडे घासून, रंगवून त्याच्या पेट्या आणि म्याने मढविण्याचे तंत्र लोकप्रिय केले. फ्रेंच भाषेत या कातड्याला आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. जपानी तलवारींच्या मुठीवरही पाकटाचेच कातडे असे. त्याच्या खरखरीत पृष्ठभागामुळे मुठीवरील वेष्टण घसरत नसे.

फाउंटन पेनांच्या जमान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचे आकर्षण पेनांवरही उतरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पार्कर कंपनीने दांड्याभोवती धातूचा साप वेटोळे घालून बसलेला आहे अशी पेने काढली. आज संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९३० च्या दशकात पालीच्या अंगासारखी नक्षी असलेल्या सेल्युलॉइडचे पेन बाजारात आणले. अर्थात त्यात ना साप होता ना पाल. होती ती केवळ नक्षी. खरे कातडे पेनावर चढवून ते टिकविणे कठीण होते. हाताचा घाम, शाई आणि घर्षण यांनी खवले उचलले जात, कडा सुटत. ही अडचण पारदर्शक रेझिनमुळे दूर झाली. कातडे रेझिनच्या आत बंदिस्त झाले की त्याला हवा लागत नाही, घाम लागत नाही आणि घर्षणही होत नाही.

कात आणि कातडे

या कलेत दोन वेगवेगळे पदार्थ वापरले जातात आणि त्यांतील फरक कळल्याशिवाय काम साधत नाही.

साप वाढताना वेळोवेळी त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर टाकून देतो. तीच कात. ती केरॅटिन या प्रथिनाची असते. आपली नखे आणि केस ज्याचे बनलेले असतात तोच हा पदार्थ. सापाच्या अंगावरील रंग मुख्यत्वे त्वचेच्या आतल्या थरातील रंगपेशींत असतात. त्यामुळे टाकलेल्या कातीत रंग जवळपास नसतो. फार तर गडद पट्ट्यांची पुसट छाया उरते. साप तोंडाच्या कडेपासून कात सोडवीत पुढे सरकतो आणि पायातील मोजा काढताना उलटा व्हावा तशी ती उलटी होऊन निघते. पेनावर चढविताना म्हणूनच तिची सुलट बाजू आधी ओळखावी लागते. निघताना ती ताणलीही जाते; कातीची लांबी सापाच्या लांबीहून अधिक भरते ती यामुळे.

कातडे म्हणजे मेलेल्या सापाची सोलून काढलेली संपूर्ण त्वचा. तीत आतला थरही असल्याने मूळ रंग आणि नक्षी कायम राहते. ते जाड असते आणि कमवावे लागते. अमेरिकेत घरगुती पातळीवर ग्लिसरीन आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन कातडे कमविण्याची पद्धत रूढ आहे. अशा कातड्याला मऊपणा येतो, पण ग्लिसरीनचा तेलकट अंश मागे राहिला तर त्यावर ना गोंद धरतो ना रेझिन. म्हणून पेनासाठी नुसते ताणून वाळविलेले किंवा नीट तेलविरहित केलेले कातडे पसंत केले जाते.

अमेरिकन कारागिरांची पहिली पसंती रॅटलस्नेकला, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजविणाऱ्या विषारी सापाला असते. टेक्सास आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशात आढळणाऱ्या डायमंडबॅक जातीच्या पाठीवर चौकटीच्या एक्क्यासारखी नक्षी असते आणि ती पेनाच्या अरुंद दांड्यावर उठून दिसते. मात्र या सापाच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध एक उंच रेघ असते. या रेघांच्या आणि खवल्यांच्या कडांखाली हवा अडकते व पुढे बुडबुड्यांचा त्रास होतो. पाळीव अजगरांची आणि कॉर्न स्नेकची कात त्या मानाने सपाट असल्याने नवशिक्यांना सोपी जाते.

मापाचे गणित

लेथवरच्या पेनाचा गाभा म्हणजे पितळेची नळी. टोक, चाप, फिरकी आणि टोपी हे धातूचे सुटे भाग संचाच्या रूपाने मिळतात आणि नळीच्या दोन्ही तोंडांत दाबून बसविले जातात. लाकडी पेनात ठोकळ्याला भोक पाडून नळी आत चिकटवितात. कातीच्या पेनात उलटे असते. आधी नळी, तिच्यावर कात आणि कातीवर रेझिन.

येथे पहिला प्रश्न जागेचा येतो. एखाद्या संचातील नळीचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आहे आणि धातूच्या कड्यापाशी पेनाचा अंतिम व्यास १२ मिलिमीटर हवा आहे असे समजू. म्हणजे एका बाजूस फक्त १ मिलिमीटर जागा उरली. कातडे ०.४ मिलिमीटर जाड असेल आणि त्याखाली गोंदाचा पातळ थर असेल, तर वर रेझिनसाठी जेमतेम अर्धा मिलिमीटर राहतो. लेथवर हत्यार थोडे खोल गेले की ते थेट खवल्यांत शिरते. म्हणून या कामासाठी नळी बारीक आणि कडे जाड असलेलाच संच निवडावा लागतो. कात कातड्याहून पुष्कळच पातळ असल्याने तिच्या बाबतीत ही अडचण कमी असते.

दुसरे गणित पट्टीच्या रुंदीचे. १० मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परीघ सुमारे ३१.४ मिलिमीटर होतो. पण कातडे गुंडाळल्यावर त्याच्या बाहेरच्या बाजूचा व्यास १०.८ मिलिमीटर होतो आणि तेथील परीघ सुमारे ३३.९ मिलिमीटर. नेमकी ३१.४ मिलिमीटरची पट्टी कापली तर आतल्या बाजूस कडा जुळतात, पण वर फट राहते. यावर जुना शिंपी-चांभारांचा उपाय कामी येतो. पट्टी थोडी जास्त रुंद ठेवायची, दोन्ही कडा एकमेकींवर चढवायच्या आणि धारदार पात्याने दोन्ही थर एकाच वेळी कापायचे. वरचा आणि खालचा तुकडा काढून टाकला की कडा आपोआप जुळतात. हा सांधा पेनाच्या चापाखाली येईल अशी योजना केली की तो सहसा नजरेस पडत नाही.

नळीला रंग का द्यावा लागतो?

तेल लागलेला कागद पारदर्शक होतो हे आपण पाहतो. कातीचेही तसेच आहे. कोरडी कात दुधी दिसते, कारण तिच्या बारीक भेगांतील हवा प्रकाश विखुरते. रेझिनने ती भिजली की हवेची जागा रेझिन घेते. केरॅटिन आणि रेझिन यांच्यातून प्रकाश जवळपास सारखाच वाकतो आणि कात दिसेनाशी होऊ लागते. खाली पितळ असेल तर तेच पिवळे चमकू लागते. म्हणून कात चढविण्यापूर्वी नळी खरखरीत कागदाने घासून, पुसून तिला रंग देतात. काळ्या रंगावर खवल्यांच्या कडा उठून दिसतात, सोनेरी किंवा हिरव्या धातूरंगावर कातीला झळाळी येते. कातीच्या पेनाचा रंग हा बहुधा सापाचा नसतो, नळीचा असतो. विकत घेणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

कमावलेल्या कातड्याच्या बाबतीत मूळ रंग टिकत असल्याने नळीवर एक साधा गडद हात पुरतो. तो सांध्याच्या फटीतून पितळ चमकू नये यासाठी.

चिकटविणे आणि रेझिन ओतणे

कात प्रथम कोमट पाण्यात साबणाने धुऊन घेतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, त्यामुळे ही पायरी टाळू नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. धुतलेली कात सपाट पसरून पूर्ण वाळवितात. पोटाकडील रुंद पट्टे कापून टाकून पाठीचा भाग घेतात. नळीवर गोंदाचा पातळ थर देऊन कात वा कातडे खवल्यांच्या दिशेने, सुरकुती न पडू देता गुंडाळतात आणि सुकेपर्यंत दोऱ्याने किंवा फडक्याने आवळून ठेवतात.

यानंतरची पायरी घाईत राहून जाते आणि तिथेच बहुतेक कामे बिघडतात. ओतण्यापूर्वी कातडीवर पातळ सायनोअॅक्रिलेटचा किंवा रेझिनचाच एक हात ब्रशने देऊन खवल्यांखालची हवा बाहेर काढावी लागते. तसे न केल्यास रेझिन गरम होताना ती हवा फुगून वर येते आणि खवल्यांच्या कडेला चंदेरी ठिपके दिसतात. ते नंतर कशानेही जात नाहीत.

नळीची दोन्ही तोंडे बुचाने बंद करून ती साच्यात उभी किंवा आडवी ठेवतात. साचा सिलिकॉन रबराचा किंवा पीव्हीसी नळीचा असतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये मोजून उत्प्रेरक घालतात. तो जास्त झाला तर उष्णता वाढून रेझिनला तडे जातात, कमी झाला तर ते चिकट राहते. पॉलियुरेथेन रेझिनही वापरतात; ते अधिक चिवट असते आणि कातताना तुटत नाही, पण ओलाव्याशी त्याचे वैर आहे. कातडीत किंचित दमटपणा असला तरी त्यात फेस येतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ही बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ओतलेला साचा दाबाच्या भांड्यात ठेवून साधारण ४० ते ६० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे ३ ते ४ किलो, दाब देतात. दाबाने बुडबुडे नाहीसे होत नाहीत. ते डोळ्यांना न दिसण्याइतके आकसतात आणि रेझिन घट्ट होईपर्यंत तसेच धरून ठेवले की कायमचे तसेच राहतात. अशा दाबासाठी तयार केलेले, सुरक्षा झडप असलेले भांडेच वापरावे. स्वयंपाकघरातील कुकरमध्ये हवा भरण्याचा प्रयोग जीवघेणा ठरू शकतो.

लेथवर

घट्ट झालेला दांडा दोन बुशांमध्ये लेथवर चढवितात. बुश हे धातूचे कडे पेनाच्या अंतिम व्यासाइतकेच असतात आणि कारागिराला कोठे थांबायचे ते दाखवितात. हत्यार अतिशय धारदार हवे आणि प्रत्येक वेळी काप अगदी हलका. पॉलिएस्टर ठिसूळ असते. जोर लावल्यास त्याचा कपचा उडतो आणि त्याबरोबर खवलाही निघून येतो. बरोबर चालले असेल तर रेझिनची लांबच लांब रिबन निघत राहते. कपचे उडू लागले की थांबून धार लावावी.

मापाला आल्यावर पाणी लावून पॉलिशपेपरने घासतात. सुरुवात ४०० ते ६०० क्रमांकाच्या कागदाने होते आणि शेवट १२,००० क्रमांकाच्या अतिसूक्ष्म पॅडने. प्रत्येक टप्प्यानंतर लेथ थांबवून दांड्याच्या लांबीच्या दिशेने हात फिरविला तर आडवे चरे उरत नाहीत. शेवटी प्लास्टिकचे पॉलिश. मग दोन्ही टोकांत धातूचे भाग सरळ दाबून बसवायचे की पेन तयार.

या कामात डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा हे दागिने समजावेत. पॉलिएस्टरमधील स्टायरीनची वाफ, पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट, सायनोअॅक्रिलेटचा धूर आणि घासताना उडणारी रेझिनची भुकटी यांपैकी काहीही फुप्फुसांच्या हिताचे नाही. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. सेंद्रिय वाफा शोषणारी गाळणी असलेला मुखवटा हवा.

कातडे येते कोठून?

कला कितीही देखणी असली तरी हा प्रश्न टाळता येत नाही. पाळीव सापाने टाकलेली कात वापरण्यात कोणाचा जीव जात नाही. अमेरिकेत साप पाळणे अनेक राज्यांत कायदेशीर आहे, आणि सर्पपालकांकडून कात सहज मिळते. कातड्याचे तसे नाही. टेक्सासमधील स्वीटवॉटर या गावी १९५८ पासून दरवर्षी रॅटलस्नेक पकडण्याचा मोठा मेळावा भरतो. तेथे साप विकत घेतले जातात, मारले जातात आणि त्यांचे मांस व कातडे विकले जाते. सापांना बिळातून बाहेर काढण्यासाठी पेट्रोलची वाफ सोडण्याच्या प्रथेवर तेथील निसर्गप्रेमींनी कठोर टीका केली आहे, कारण त्याच बिळांत इतर अनेक जीवही राहतात. जॉर्जिया राज्यातील क्लॅक्स्टन येथील अशाच मेळाव्याचे २०१२ मध्ये वन्यजीव महोत्सवात रूपांतर झाले. तेथे आता सापांना मारले जात नाही, ते लोकांना दाखविले जातात.

आपल्या देशाने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. एके काळी भारतातून सापांच्या कातड्यांची मोठी निर्यात होत असे आणि तमिळनाडूतील इरुला जमातीसारख्या समाजांचा उदरनिर्वाह साप पकडून कातडे विकण्यावर चाले. १९७६ मध्ये या निर्यातीवर बंदी आली. साप वाचले, पण इरुलांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था स्थापन झाली. साप पकडायचा, त्याचे विष काढायचे आणि त्याला परत सोडून द्यायचे, असा नवा व्यवसाय त्यातून उभा राहिला. प्रतिसर्पविष तयार करण्यासाठी हेच विष लागते. याच जमातीतील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. मेलेल्या सापापेक्षा जिवंत सापाचे मोल अधिक, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

भारतातील कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा या विषयातील मूळ कायदा होय. २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूचींची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अजगर, नाग, घोणस, धामण, घोरपड आणि मगर हे आपल्या परिचयाचे प्राणी पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

कायद्यातील ‘प्राणिजन्य वस्तू’ ही व्याख्या व्यापक आहे. वन्य प्राण्याचा संपूर्ण किंवा कोणताही भाग ज्या वस्तूत वापरला आहे, अशी प्रत्येक वस्तू तीत येते. पेन रेझिनचे आहे, आत फक्त कातड्याची पट्टी आहे, हा बचाव म्हणूनच टिकणारा नाही.

मग शेतात, वळचणीला सापडलेल्या कातीचे काय? साप मारलेला नाही, त्याने ती स्वतःहून टाकली आहे, असा युक्तिवाद सहज सुचतो. परंतु कायद्याची भाषा पाहिली पाहिजे. अनुसूचीतील प्राण्यांपासून बनविलेल्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी घालणारे प्रकरण १९८६ मध्ये कायद्यात समाविष्ट झाले. त्याच्या व्याख्येतून मोराचे पिसाऱ्यातील पीस आणि सर्पविष या दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. कात तेथे वगळलेली नाही. मोरपिसाला सवलत आहे म्हणून कातीलाही असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अशी कात विक्रीच्या वस्तूत वापरण्याचा विचारही करण्यापूर्वी वनविभागाचे लेखी मत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. आणि साप घरात पाळून त्याची कात मिळविण्याचा मार्ग तर देशी सापांच्या बाबतीत कायद्याने बंदच आहे.

परदेशातून येणारी भेट

अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे आपले नातलग हौसेने असे पेन आणतात. त्यांनीही थोडी माहिती घ्यावी. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन ‘सायटीस’ या करारान्वये होते. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेला हा करार १९७५ मध्ये अमलात आला आणि १९७६ पासून भारत त्याचा सदस्य आहे. अजगराच्या सर्व जाती आणि मगरींच्या सर्व जाती या कराराच्या परिशिष्टांत आहेत. त्यांचे कातडे असलेली वस्तू सीमा ओलांडताना परवान्याचा प्रश्न येतो. वर उल्लेखिलेला डायमंडबॅक रॅटलस्नेक या परिशिष्टांत नाही. पण म्हणून त्याचे कातडे भारतात मोकळेपणाने आणता येते असे नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कच्च्या कातड्यांच्या आयातीवर भारताने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली. तयार पेनाच्या बाबतीतही विक्रेत्याकडून प्राण्याचे शास्त्रीय नाव आणि कातड्याचा उगम लिहिलेली पावती घ्यावी, आणि शंका असल्यास ते पेन आणूच नये. विमानतळावरील अधिकाऱ्याला रेझिनच्या आतील पट्टी रॅटलस्नेकची की अजगराची, हे केवळ आपल्या सांगण्यावरून पटणार नाही.

खरे की छापील?

बाजारात सापाच्या कातडीचे म्हणून विकले जाणारे प्रत्येक पेन तसे नसते. भिंगाखाली पाहिल्यास फरक कळतो. खऱ्या कातडीत खवल्यांचा आकार पाठीच्या मध्यापासून कडेकडे बदलत जातो आणि दोन खवले कधीही हुबेहूब सारखे नसतात. छापील नक्षीत ठरावीक अंतराने तोच आकार पुन्हा येतो, शिवाय छपाईचे बारीक ठिपके दिसतात. बकऱ्याच्या किंवा गाईच्या चामड्यावर ठसा उमटवून केलेल्या नकलेत खवल्यांच्या मधल्या रेषांत केसांच्या मुळांची सूक्ष्म छिद्रे आढळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेवर केसच नसल्याने तेथे ती असण्याचे कारण नाही.

पेन खरे असो वा नकली, रेझिनच्या कवचाची काळजी सारखीच. उन्हात, मोटारीच्या काचेखाली ते ठेवू नये. रेझिन पिवळे पडते. स्पिरिट, ॲसिटोन यांचा स्पर्श टाळावा. चरे पडल्यास मऊ फडक्याने प्लास्टिकचे पॉलिश लावावे.

आपल्या कातारी परंपरेसाठी वाट

कायद्याची वेस मान्य केली म्हणजे ही कला आपल्यासाठी संपली असे मात्र नाही. तिचे मर्म सापात नाही. नळीवर नाजूक पदार्थ चढवून तो रेझिनच्या आत बंदिस्त करण्याच्या तंत्रात आहे. हेच तंत्र वापरून परदेशातील कारागीर टपाल तिकिटे, घड्याळाची चक्रे, वाळलेली पाने आणि मक्याची कणसे पेनात बसवितात.

हाताने कातलेल्या पेनाची परंपरा भारतात आहेच. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने १९३२ पासून एबोनाइटची पेने लेथवर कातण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या कारागिरांचे लाकडावरील कातकाम आणि लाखेचे रंगकाम पिढ्यानुपिढ्या नावाजलेले आहे. धारावीत कोणत्याही प्राण्याची नक्षी साध्या चामड्यावर उठवून देणारे कारखाने आहेत. पैठणीच्या काठाचा तुकडा, वारली चित्रकारांनी कागदावर काढलेली नक्षी, गंजिफाच्या धर्तीवर रंगविलेली पट्टी किंवा ठसा उमटविलेले बकऱ्याचे चामडे यांतील काहीही १० मिलिमीटरच्या नळीवर चढू शकते. वर सांगितलेले मापाचे गणित, सांध्याची युक्ती आणि हवेचा बंदोबस्त या तिन्ही गोष्टी तेथे जशाच्या तशा लागू पडतात. कापडाच्या बाबतीत तर रेझिनने भिजल्यावर रंग गडद होण्याचा आणि नळी दिसू लागण्याचा अनुभव कातीसारखाच येतो. नळीला रंग देण्याचे पथ्य तेथेही पाळावे लागते.

अशा पेनाला विमानतळावर कोणी अडविणार नाही, वनखात्याची नोटीस येणार नाही आणि ते कोणाच्या जिवावर उठून तयार झालेले नसेल. साप कात टाकतो ती वाढण्यासाठी. आपल्या कातकामानेही जुने साहित्य आणि जुन्या सवयी टाकून थोडे वाढायला हरकत नसावी.